गॅलरीतलं पाणी कुठे जातं?

(अभियंता दिनानिमित्त दिलेल्या स्मृतिव्याख्यानाची संहिता)



अभियंता दिनाच्या व्याख्यानाला धरण, पूल, मेट्रो असा भारदस्त विषय असावा, अशी अपेक्षा असते. मी चाळीस चौरस फुटांचा विषय घेऊन आलो आहे: फ्लॅटची गॅलरी, तिच्यातली लादी आणि त्या लादीखालून खालच्याच्या घरात उतरणारं पाणी. विषय लहान वाटेल, पण ज्यांच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत गळतीवरून आवाज चढलेला नाही, असे श्रोते या सभागृहात फार थोडे असतील.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात नोकरी धरली. खडकवासल्याचे १९०३ सालचे स्वयंचलित दरवाजे हे त्यांचं आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं काम. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दरवाजे आपोआप उघडायचे आणि पूर ओसरला की मिटायचे. पाणी अडवायचं असेल तर जादा पाण्याची वाट आधी ठरवून ठेवा, हा त्यामागचा विचार. धरणाला जे लागू, तेच गॅलरीला लागू आहे. आजचं माझं सगळं म्हणणं त्याच विचाराला धरून आहे. गॅलरीत पाणी येणारच. ते बाहेर जाण्याची सोय नसेल तर ते गळणारच. आणि ती सोय वरच्या बाजूने करावी लागते. खालच्या छताला लावलेलं कुठलंही औषध वरच्या दुखण्यापर्यंत पोचत नाही.

लादी काय अडवते?

लादी बसली की जमीन पक्की झाली, अशी आपली समजूत असते. व्हिट्रिफाइड लादी स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही, हे खरं आहे. तिची शोषणक्षमता अर्ध्या टक्क्याहून कमी असते. पण पाण्याला लादीतून जायची गरजच नसते, त्याला सांधे पुरतात. आठ फूट बाय पाच फुटांची गॅलरी घ्या. तिला एक फुटी लाद्या लावल्या तर लाद्यांमधल्या सांध्यांची लांबी भरते ६७ फूट. भिंत, कठडा आणि उंबरा यांच्या कडेने जाणारे २६ फूट त्यात मिळवले की झाले ९३ फूट. म्हणजे चाळीस चौरस फुटांच्या गॅलरीत ९३ फूट फट. ती बहुतेक घरांत व्हाइट सिमेंटने भरलेली असते आणि ते सिमेंट सुकताना आकसतं.

आता पावसाचा हिशेब. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपली गॅलरी पावणेचार चौरस मीटरची. ती वरून पूर्ण उघडी असेल तर हंगामात तिच्यावर आठ हजार लिटरहून जास्त पाणी पडेल. वर दुसऱ्याची गॅलरी असेल, फक्त झडीचा पाऊस आत येत असेल आणि एक दशांशच पाणी पडलं असं धरलं, तरी ते आठशे लिटर होतं. त्यातलं शंभरातलं एक लिटर सांध्यांतून मुरलं, तरी आठ लिटर झालं. खालच्या घराच्या छताचा रंग बिघडवायला एवढं पुष्कळ आहे.

त्यात उन्हाची भर. काँक्रीट एका अंश सेल्सियसला आपल्या लांबीच्या दहा लाख भागांपैकी सुमारे दहा भाग इतकं वाढतं. मे महिन्यातल्या दुपारची तापलेली लादी आणि पहिल्या वळवाने गार पडलेली लादी, यांत तीस अंशांचा फरक धरला, तर आठ फुटांत सुमारे पाऊण मिलिमीटरची हालचाल होते. ही हालचाल कुठेतरी सामावली जायला हवी. कडेचा सांधा कडक सिमेंटने भरून टाकला असेल तर तो तडकतो. म्हणून गॅलरीच्या सांध्यांत सगळ्यांत आधी उघडतो तो भिंतीलगतचा आणि उंबऱ्याजवळचा.

सांध्यातून शिरलेलं पाणी लादीखालच्या मालात जातं. वाळू-सिमेंटचा तो दीड-दोन इंची थर ओल्या स्पंजासारखा पाणी धरून बसतो. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी खालच्या छताला थेंब लागतात, त्याचं कारण हेच. वरची लादी तोवर कोरडी ठणठणीत असते आणि वरच्या मजल्यावरचे गृहस्थ छातीठोकपणे सांगतात, आमच्याकडे काहीच नाही!

गॅलरीला खरं तर दोन जमिनी असतात. एक लादीची, ती दिसते. दुसरी स्लॅबच्या पाठीची, ती दिसत नाही. पहिल्या जमिनीला गवंडी ढाळ देतो. दुसरीला बहुतेक ठिकाणी ढाळ नसतो. नहाणी ट्रॅपची जाळी लादीच्या पातळीला बसवलेली असते, त्यामुळे वरचं पाणी निघून जातं. मुरलेलं पाणी मात्र ट्रॅपच्या गळ्यापर्यंत येऊन तिथल्या सिमेंटवर अडतं. त्याला पुढे वाट नाही, वर वारा नाही. मग ते स्लॅबवर साचून राहतं आणि जिथे चीर सापडेल तिथून उतरतं. ती चीर वरच्या फटीच्या नेमकी खाली असेल असं नाही. उंबऱ्यापाशी शिरलेलं पाणी कठड्यापाशी गळू शकतं. खालच्या छतावरचा डाग पाणी कुठून बाहेर पडलं तेवढं सांगतो. ते आत कुठून शिरलं, ते वर जाऊन शोधावं लागतं.

जुन्या घरांत हा प्रश्न वेगळा होता. वाड्याच्या सज्जावर आणि कोकणातल्या पडवीवर उतरत्या कौलांचं छप्पर पुढपर्यंत आलेलं असे, पाणी पागोळ्यांनी अंगणात पडे. पडवीच्या उघड्या बाजूला पावसाळ्याआधी झापं बांधत. चाळीच्या लाकडी गॅलरीत पाणी आलंच तर फळ्यांच्या फटींतून खाली जाई आणि लाकडाला चारी बाजूंनी वारा लागे. तेही लाकूड कुजायचं, पण कुजलेलं दिसायचं. आपण काँक्रीटवर माल, मालावर लादी आणि अनेक घरांत जुन्या लादीवर नवी लादी असे थर चढवले. पाण्याला आत जायची वाट राहिली, सुकायची राहिली नाही, आणि आत काय चाललं आहे ते दिसायचंही बंद झालं.

धोका कुठे आहे?

छताचा रंग गेला, एवढ्यावर हे थांबलं असतं तर मी आपला वेळ घेतला नसता. खरी गोष्ट लोखंडाची आहे.

कितीतरी गॅलऱ्यांचा स्लॅब एका बाजूने इमारतीत अडकवलेला आणि तीन बाजूंनी अधांतरी असतो. त्याला आपण कँटिलिव्हर म्हणतो. अशा स्लॅबवर वजन आलं की त्याची वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून कँटिलिव्हरच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात. खोलीच्या स्लॅबमध्ये मधल्या भागात हे उलट असतं, तिथे सळया खालच्या अंगाला असतात. म्हणजे गॅलरीत पाणी नेमकं त्या सळयांच्या डोक्यावर साचतं, ज्यांच्यावर गॅलरी उभी आहे. काही गॅलऱ्या बाहेर काढलेल्या बीमवर टेकलेल्या असतात. तिथे बीमच्या सळया वर आणि दोन बीमांमधल्या स्लॅबच्या सळया बऱ्याचशा खाली असतात. आपली गॅलरी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे दुरुस्तीआधी कळलंच पाहिजे, आणि ते सांगण्याचं काम स्ट्रक्चरल इंजिनीयरचं आहे.

नवं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच बारा-तेराच्या घरात असतो. त्या वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो टिकतो तोवर लोखंड गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरून हा पीएच नऊच्या खाली आणतो. समुद्रकाठी हवेतले क्षार तोच थर दुसऱ्या मार्गाने फोडतात. थर गेला की गंजायला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि प्राणवायू. पाणी आपण वरून पुरवत असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीट उकलतो. पहिल्यांदा पोपडे पडतात ते याच दाबाने.

सळईवर काँक्रीटचं किती आवरण हवं, हे आपल्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, दिलेलं आहे. १९७८ च्या आवृत्तीत स्लॅबसाठी किमान १५ मिलिमीटर आवरण चालत असे. २००० सालच्या आवृत्तीने वातावरणाप्रमाणे प्रतवारी केली. त्यात मध्यम वातावरणाला ३० आणि तीव्र वातावरणाला ४५ मिलिमीटर आवरण सांगितलं आहे. मुंबई-ठाण्यातल्या हजारो गॅलऱ्या १५ मिलिमीटरच्या जमान्यातल्या आहेत. कँटिलिव्हरच्या बाबतीत आणखी एक जुनी खोड आहे. काँक्रीट ओतताना वरच्या सळयांवर माणसं चालतात, सळया दाबून खाली जातात आणि त्यांची ताकद तेवढी वाया जाते. अशा गॅलरीत गंजाने होणारी घट आधीच कमी असलेल्या भांडवलातून होते.

पाण्याने गॅलरी पडू शकते का, असं कुणी विचारलं तर उत्तर ठाम ‘हो’ असं आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात १६ जून २०१५ रोजी एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरची गॅलरी कोसळली. सहा तरुण मुलंमुली गेली, त्यांत बहुतेक आयर्लंडहून आलेले विद्यार्थी होते. सात जण जखमी झाले. ती गॅलरी लाकडी कँटिलिव्हरची होती. आत पाणी अडकून लाकूड कुजलं होतं आणि वरून काहीच दिसत नव्हतं. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदे करून अशा उंचावरच्या गॅलऱ्यांची ठरावीक वर्षांनी तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे लाकडाच्या जागी लोखंड आहे एवढाच फरक. अडकलेल्या पाण्याचा धर्म तिथे तोच, इथे तोच.

निदान

गळतीचं निदान ही बहुतांशी प्रश्न विचारायची कला आहे. पहिला प्रश्न: कधी गळतं? बारा महिने गळत असेल तर पावसाला दोष देऊ नका. वॉशिंग मशीनची नळी, कुंड्यांचं पाणी, भिंतीतली पाइपलाइन बघा. पाऊस सुरू होताच गळत असेल तर वाट सरळ आहे, बहुधा पाइपाभोवतीची. पाऊस थांबल्यावर तासांनी किंवा दिवसांनी गळत असेल तर पाणी मालात साठून येत आहे. एका विशिष्ट दिशेचा वारा असतानाच गळत असेल तर जमीन निर्दोष असू शकते. तेव्हा भिंत, खिडकी आणि दाराची चौकट तपासा.

दुसरा प्रश्न: डाग कुठे आहे आणि कसा आहे? बाहेरच्या कडेला असेल तर पाणी कडेवरूनच खाली पाडणारा ड्रिप तुटला आहे किंवा दिलेलाच नाही, म्हणून पाणी स्लॅबच्या खालच्या अंगाने आत वळतं. पाइपाभोवती गोल डाग असेल तर ट्रॅपचा सांधा गेला आहे. भिंतीलगत पट्टा असेल तर उंबरा किंवा भिंत. पांढरे ओघळ, लोणा, छताला लोंबणारे पांढरे सुळे दिसले तर पाणी सिमेंटमधला चुना विरघळवून आणतं आहे आणि हवेत आल्यावर त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होत आहे. हे पाणी बऱ्याच काळापासून वाहत असल्याचा पुरावा आहे. त्या पांढऱ्यात तांबूस रेघ आली तर समजा, पाणी लोखंडापर्यंत पोचलं.

तिसरं काम हाताने करायचं. लाकडी मुठीने प्रत्येक लादी ठोका. भरीव आणि पोकळ आवाज शाळकरी मुलालाही वेगळे कळतात. पोकळ लाद्यांवर खडूने खुणा करा. खुणा कडेने जमल्या की दोष सांध्यांत, मधोमध जमल्या की माल निसटला आहे. लादीवर भिंतीला समांतर जाणारी लांब चीर दिसली किंवा कठडा बाहेरच्या बाजूला झुकलेला वाटला, तर तपासणी तिथेच थांबवा. गॅलरीतल्या कुंड्या, माणसं, कपाट हलवा, खालचीही गॅलरी मोकळी करा आणि इंजिनीयर बोलवा. कँटिलिव्हरच्या मुळाशी वरून चीर जाणं ही गळतीची खूण नाही, ताकद जात असल्याची खूण आहे.

गॅलरी मजबूत असेल तर पाण्याने पाणी शोधायचं. ही चाचणी दिवाळीनंतर, सगळं कोरडं असताना करावी. भर पावसात केलेल्या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही. क्रम खालून वर असा ठेवायचा. आधी फक्त ट्रॅपमध्ये आणि पाइपात पाणी ओता आणि खाली बघा. कोरडं असेल तर ट्रॅपचं तोंड बंद करून जमिनीवर इंचभर पाणी उभं करा आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवा. त्यात हिरवट-पिवळा फ्लुरेसीन रंग घातला तर कुणाचं पाणी, हा वाद राहत नाही. इंचभर पाण्याचं वजन चौरस मीटरला पंचवीस किलो होतं. आयएस ८७५ प्रमाणे राहत्या घराची गॅलरी चौरस मीटरला सुमारे तीनशे किलो वापराचा भार धरून बांधायची असते, तेव्हा धडधाकट गॅलरीला या चाचणीची भीती नाही. संशयास्पद गॅलरीवर मात्र पाणी उभं करू नये. जमीन निर्दोष ठरली तर पाइप लावून आधी भिंतीचा तळ, मग कठडा, मग दाराची चौकट, असा एकेक भाग भिजवायचा आणि प्रत्येक वेळी थांबायचं. घाईने सगळीकडे एकदम पाणी मारलं तर गळती दिसेल, पण कारण कळणार नाही.

एकेक भाग तपासल्याने काय साधतं, ते ठाण्यातल्या एका सोसायटीत दिसलं. वरच्या सभासदांनी लाद्यांचे सांधे पुन्हा भरून घेतले होते, खालच्यांनी छताला वॉटरप्रूफ रंग दिला होता, तरी पाणी यायचं थांबेना. वरचे म्हणत, आमचं काम झालं. खालचे म्हणत, झालं तर गळतं कसं? जमिनीवर पाणी उभं केलं, दोन दिवस खाली एक थेंब नाही. भिंत भिजवली, काही नाही. दाराच्या स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये पाणी सोडल्यावर थोड्याच वेळात छत ओलं झालं. ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी निघायची लहान भोकं असतात. जुन्या लादीवर नवी लादी बसवताना जमीन वर आली आणि ती भोकं मालात बुजली. झडीचं पाणी ट्रॅकमध्ये भरायचं आणि उंबऱ्याखालून आत उतरायचं. दुरुस्ती निघाली दाराजवळच्या एका ओळीच्या लाद्यांची. संपूर्ण गॅलरी फोडण्याचं कोटेशन आलेलं होतं, तो खर्च वाचला.

दुरुस्ती

आता दुरुस्ती. सगळ्यांत लोकप्रिय दुरुस्ती खालून होते: छताला पॉलिमरचा थर, त्यावर रंग किंवा चिरेत इंजेक्शन. खालचे सभासद वरच्यांच्या घरात शिरू शकत नाहीत, म्हणून ती सोयीची असते. तळघराच्या भिंतीत इंजेक्शनचा चांगला उपयोग होतो. गॅलरीत मात्र खालची वाट बुजली की पाणी स्लॅबवर जास्त वेळ थांबतं, सळयांना जास्त वेळ भिजवतं आणि पुढच्या हंगामात दोन फूट पलीकडून निघतं. डाग गेला, म्हणजे रोगाचं एकमेव लक्षण गेलं. आर्किटेक्टने किंवा इंजिनीयरने हे करू देऊ नये.

दोष फक्त सांध्यांत असेल, लाद्या भरीव वाजत असतील आणि खाली तांबूस खूण नसेल, तर फोडाफोडी लागत नाही. जुनं व्हाइट सिमेंट खरवडून काढायचं, सांधे पूर्ण सुकू द्यायचे, एपॉक्सी ग्राउट भरायचं आणि भिंतीलगतचा सांधा मात्र लवचीक पॉलियुरेथेन सीलंटने भरायचा. वरून मारायचे पारदर्शक द्रव काही काळ मदत करतात. त्यांना कायमचा इलाज समजू नये.

लाद्या पोकळ असतील किंवा पाणी उभं केल्यावर गळलं असेल, तर स्लॅबपर्यंत उघडायला हवं. आधी खाली टेकू लावायचे. ब्रेकर मशीन आणायचं नाही, छिन्नी-हातोडीनेच काम करायचं, कारण मशीनचे हादरे जुन्या कँटिलिव्हरला नवी चीर देतात. स्लॅब उघडा पडला की त्यावर फिनॉल्फथॅलिन शिंपडून बघतात. काँक्रीट गुलाबी झालं तर अजून अल्कधर्मी आहे, रंग आला नाही तर संरक्षण गेलं. सैल काँक्रीट काढायचं, सळयांचा गंज घासायचा, झीज किती आहे ते इंजिनीयरला दाखवायचं, त्याने सांगितलं तर नवी सळई जोडायची आणि पॉलिमर मॉर्टरने भरून घ्यायचं. हा टप्पा गाळून वर पाणी अडवणारी झिल्ली, म्हणजे वॉटरप्रूफिंगचा थर, चढवणं म्हणजे गंजावर झाकण ठेवणं.

मग ढाळ. न दिसणाऱ्या जमिनीचा ढाळ आधी. शंभराला एक हे किमान माप. पाच फूट खोल गॅलरीत ते दीड सेंटिमीटर होतं. पाणी वाहून जाण्याच्या दिशेने लेव्हल ट्यूब लावून हा ढाळ मोजून घ्यावा, ‘साहेब, दिला आहे’ या शब्दावर सोडू नये. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात गवंडी गोलाई देतात, त्याला वाटा म्हणतात. वाट्याशिवाय झिल्ली कोपऱ्यात फाटते. झिल्ली भिंतीवर किमान सहा इंच चढली पाहिजे, उंबऱ्याखाली गेली पाहिजे आणि ट्रॅपच्या गळ्यात उतरली पाहिजे. कोपऱ्यांत जाळीचं कापड, दोन हात एकमेकांना आडवे, प्रत्येक हात सुकल्यावर दुसरा. ट्रॅपही असा हवा की लादीवरचं पाणी वरच्या जाळीतून आणि मुरलेलं पाणी झिल्लीच्या पातळीवरून, दोन्ही त्याच्यात जातील.

लादी लावण्यापूर्वी पुन्हा दोन दिवस पाणी उभं करायचं, खालच्या घरी जाऊन छत बघायचं आणि दोन्ही सभासदांच्या सह्या घ्यायच्या. ही एक पायरी वगळली की बाकीचा सगळा खर्च भरवशावर राहतो. मग संरक्षक थर, लादीच्या अॅढेसिव्हवर लाद्या, मध्ये तीन मिलिमीटरचे सांधे आणि कडेला लवचीक सीलंट. लादीला लादी भिडवून ‘जॉइंट दिसत नाही’ असं कौतुक गॅलरीत तरी करू नका. कठड्याचे खांब जमिनीतून न घेता बाजूने किंवा उंचवट्यावर घ्या. पाणी बाहेर टाकणारा पाइप इमारतीच्या भिंतीपासून चांगला पुढे आणा.

वजनाचाही हिशेब ठेवा. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा ही मुंबईची जुनी आणि चांगली पद्धत आहे, पण चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं. गॅलरीवर ते वजन कायमचं ठेवायचं कारण नाही. हीच गोष्ट फ्लॉवर बेडची. २०१२ च्या जानेवारीत नियम बदलेपर्यंत मुंबईत फ्लॉवर बेड एफएसआयमध्ये, म्हणजे चटईक्षेत्राच्या हिशेबात, धरले जात नसत, म्हणून ते भरपूर बांधले गेले. नंतर घराघरांत ते भरून, लादी बसवून खोलीत घेतले गेले. झाडांसाठी आखलेल्या जागेवर भराव, लादी आणि माणसं आली, आणि तिथल्या पाण्याची वाट आधीपासूनच नीट नव्हती.

कुणी करायची?

शेवटचा भाग माणसांचा. गळतीत एक विचित्र विषमता असते. दोष वरच्या घरात, त्रास खालच्या घरात, आणि लोखंड दोघांचं. वरच्यांना दिसत नाही म्हणून पटत नाही. खालच्यांना दिसतं, पण वर जाता येत नाही. म्हणून चाचणी दोघांच्या समोर, सोसायटीच्या पत्रावर आणि तटस्थ इंजिनीयरच्या हातून व्हावी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करण्याचं काम संस्थेकडे दिलेलं आहे. घरातल्या संडास, सिंक यांच्या गळतीचा खर्च संबंधित सभासदाचा. गॅलरीत दोन्ही एकत्र येतात, म्हणूनच कारण आधी ठरलं पाहिजे, खर्चाचं भांडण नंतर. नव्या इमारतीत राहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं: २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष कळवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पाच वर्षं म्हणजे पाच पावसाळे. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये फोटो काढून लेखी कळवलं तर कायद्याचा उपयोग होतो.

उपविधी स्ट्रक्चरल ऑडिटही सांगतात: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींचं दर पाच वर्षांनी, तीस वर्षांवरच्यांचं दर तीन वर्षांनी. या ऑडिटमध्ये गॅलऱ्या बऱ्याचदा खालून, जिन्यात उभं राहून बघितल्या जातात. माझं म्हणणं असं की कँटिलिव्हर गॅलरीचं ऑडिट वरून व्हावं आणि प्रत्येक इमारतीत निदान एका संशयित गॅलरीच्या मुळाशी एक लादी काढून सळई प्रत्यक्ष बघितली जावी. एका लादीचा खर्च आणि एका सकाळचा त्रास, एवढ्याच किमतीचं हे काम आहे.

सभागृहात सोसायट्यांचे सचिव असतील, ठेकेदार असतील, गवंडीकाम करणारेही असतील. तिघांना तीन विनंत्या. सचिवांनी गळतीचा अर्ज आला की आधी रंगाऱ्याला फोन करू नये, आधी वरच्या घरात जाऊन लादी ठोकावी. ठेकेदारांनी दरपत्रकात पाणी उभं करून दाखवण्याची ओळ लिहावी आणि ती नसलेलं दरपत्रक सोसायटीने परत करावं. गवंड्यांनी लादीखालचा ढाळ मालकाला लादी लावण्याआधी दाखवावा, मालकाने विचारलं नाही तरी. आणि बाकीच्या आपण सगळ्यांनी येत्या मे महिन्यात आपल्या गॅलरीत एक बादली पाणी ओतून ते कुठून आणि किती वेळात बाहेर जातं ते बघावं. जात नसेल तर पावसाळ्याआधी इंजिनीयर बोलवा.